अंजिराचे काळीज

इटालियन माणूस यकृताला ‘फेगातो’ म्हणतो. स्पॅनिश माणूस ‘इगादो’ म्हणतो, पोर्तुगीज ‘फिगादु’, फ्रेंच ‘फ्वा’ आणि रुमानियन ‘फिकात’. ऐकायला हे शब्द एकमेकांपासून दूरचे वाटतात, पण ही सगळी एकाच लॅटिन शब्दाची लेकरे आहेत. तो शब्द ‘फिकातुम’. ‘फिकुस’ म्हणजे अंजीर आणि ‘फिकातुम’ म्हणजे अंजिरांनी भरलेले, अंजिरांवर पोसलेले. या शब्दात यकृत कुठेही नाही. आहे ते फक्त अंजीर.

हे कसे झाले, हे कळण्यासाठी रोमन स्वयंपाकघरात डोकवावे लागते. हंस आणि डुकरे यांना दिवसचे दिवस सुकी अंजिरे खाऊ घालायची, म्हणजे त्यांचे यकृत फुगते, मऊ आणि गोडसर होते, ही युक्ती रोमनांना ठाऊक होती. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेलेला थोरला प्लिनी आपल्या ‘नॅचरालिस हिस्टोरिया’ या ग्रंथात सांगतो, की हंसाच्या यकृताचा हा शोध नेमका कोणाचा, माजी कॉन्सल स्किपिओ मेटेलुसचा की मार्कुस सेयुस नावाच्या सरदाराचा, यावर वाद आहे. डुकरांच्या यकृताचे श्रेय मात्र तो सरळ अपिकियुस या प्रसिद्ध खवय्याला देतो. त्या बिचाऱ्या डुकरांना अंजिरांनी लठ्ठ करून शेवटी मध घातलेली वाइन पाजत आणि तत्क्षणी मारत. होरेसने एका नवश्रीमंताच्या मेजवानीची टिंगल करणारे एक उपरोधिका-काव्य लिहिले आहे. त्यातल्या ताटातही अंजिरांवर पोसलेल्या हंसाचे यकृत हजर आहे.

या पदार्थाचे पूर्ण नाव होते ‘येकुर फिकातुम’. ‘येकुर’ म्हणजे यकृत, ‘फिकातुम’ हे त्याचे विशेषण. पुढे काय घडले, हे मुंबईच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. टपरीवर उभा राहून ‘एक कटिंग चहा द्या’ असे कोण म्हणतो? ‘एक कटिंग’ एवढेच म्हणतात. चहा गळून पडतो, विशेषण मागे उरते आणि नामाच्या खुर्चीत बसते. रोममध्येही ‘येकुर’ गळाले आणि ‘फिकातुम’ राहिले. अपिकियुसच्या नावाने पुढच्या शतकांत जो पाककृतींचा संग्रह तयार झाला, त्यात ‘फिकातुम’ एकटेच येते. पण गोष्ट इथे थांबली नाही. आधी अंजिरावर पोसलेल्या हंसाचे यकृत म्हणजे फिकातुम, मग कुठल्याही जनावराचे खाण्याजोगे यकृत म्हणजे फिकातुम, आणि शेवटी माणसाच्या पोटातले, ज्याने आयुष्यात अंजीर चाखलेही नाही त्याच्या पोटातलेसुद्धा, फिकातुमच. उद्या शंभर वर्षांनी मळ्यातल्या चहाच्या झुडपालाच लोक ‘कटिंग’ म्हणू लागले तर कसे होईल, तसे हे झाले.

फ्रेंचांचा ‘फ्वा ग्रा’ हा महागडा पदार्थ आजही हंसाला किंवा बदकाला कोंबून कोंबून खायला घालून करतात. ‘फ्वा ग्रा’ म्हणजे लठ्ठ यकृत. ‘फ्वा’ या शब्दातच लठ्ठ करण्याची सगळी क्रिया दडलेली आहे, हे विसरल्यामुळे पुन्हा एकदा ‘लठ्ठ’ जोडावे लागले.

आता हरलेल्या शब्दाकडे वळू, कारण माझा खरा जीव तिथे गुंतला आहे. ‘येकुर’ हा साधासुधा शब्द नव्हता. आपले ‘यकृत’ आणि त्यांचे ‘येकुर’ ही सख्खी भावंडे. ग्रीक ‘हेपार’ हे तिसरे भावंड, ज्याच्यापासून डॉक्टरांचा ‘हेपॅटायटिस’ झाला. ही नुसती ध्वनीची जुळणी नव्हे. संस्कृतात हा शब्द फार विचित्र चालतो. प्रथमेला ‘यकृत्’, पण षष्ठीला ‘यक्नः’. मध्येच ‘र’कार जातो आणि ‘न’कार येतो. लॅटिनमध्येही प्रथमेला ‘येकुर’ आणि षष्ठीला ‘येकिनोरिस’. तिथेही तो ‘न’ अचानक उगवतो. हजारो वर्षे आणि हजारो मैल मध्ये गेले तरी दोन्ही घरांत शब्दाची खोड तीच राहिली. भाषाशास्त्रज्ञ नात्याची खात्री पटवतात ती अशा खोडींवरून. उसना घेतलेला शब्द अशी खोड बरोबर आणत नाही.

शिवाय ‘येकुर’ला धर्माचा मान होता. बळी दिलेल्या जनावराचे यकृत पाहून भविष्य सांगणारे पुरोहित रोममध्ये होते. ही विद्या त्यांनी एट्रुस्कन लोकांकडून घेतली होती. इटलीत पियाचेन्झा शहराजवळ १८७७ साली शेत नांगरताना मेंढीच्या यकृताची एक कांस्यप्रतिकृती सापडली. तिच्या कडेला सोळा खाने पाडले आहेत, आणि साऱ्या पृष्ठभागावर एट्रुस्कन लिपीत देवतांची नावे कोरली आहेत. यकृताच्या कुठल्या भागात कुठला देव बोलतो याचा तो नकाशाच. इतक्या खानदानी, देवाधर्माच्या, काव्यातल्या शब्दाला शेवटी हरवले कोणी? आचाऱ्याने. पुरोहित आणि आचारी यांच्यात शब्दावरून लढाई झाली आणि आचारी जिंकला. इटालियन, स्पॅनिश किंवा फ्रेंचमध्ये ‘येकुर’चा एकही घरगुती वंशज शिल्लक नाही.

आणखी एक गोष्ट. ‘फिकातुम’ हा शब्द रोमनांनी घरी घडवला, पण त्याचा आराखडा ग्रीकांचा होता. ग्रीकमध्ये ‘सिकोन’ म्हणजे अंजीर आणि ‘सिकोतोन’ म्हणजे अंजिरावर पोसलेले. रोमनांनी ग्रीक कल्पना घेतली आणि तिच्यात आपले अंजीर भरले. याची एक खूण इटालियन शब्दात अजून राहिली आहे. लॅटिनच्या नियमाने आघात मधल्या ‘का’वर हवा, रुमानियन ‘फिकात’मध्ये तो तिथेच आहे. इटालियन मात्र ‘फे’वर जोर देतो. हा जोर ग्रीक शब्दाच्या प्रभावाने सरकला, असे बहुतेक विद्वान मानतात. खुद्द ग्रीसमध्येही ‘हेपार’ दवाखान्यात आणि ग्रंथांत उरले. घरात आणि खाटकाकडे आज ‘सिकोती’ चालते. तेही अंजीरच.

आता आपल्या घरात काय झाले ते पाहा. ‘यकृत’ हा शब्द अस्सल मराठी तोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला नाही. तो संस्कृत ग्रंथांतून जसाच्या तसा पुन्हा उचलून आणलेला आहे. मधल्या काळात आपल्या पूर्वजांनीही रोमनांसारखाच तो सोडून दिला होता. लोकांनी धरला तो ‘काळीज’. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत, काळपट रंगाचा अवयव. अमरकोशात यकृताला आणखी एक पर्याय दिला आहे आणि तो वाचून मी मोठ्याने हसलो होतो: ‘कालखंड’. इतिहासाच्या प्राध्यापकांनी घाबरू नये. त्याचा मूळ अर्थ ‘काळा तुकडा’ एवढाच. जनावर कापल्यावर जो काळा तुकडा दिसतो तो. म्हणजे आमचाही शब्द पाहिला तर सुरी हातात घेतलेल्या माणसाच्याच डोळ्यांनी पाहिलेला आहे. हिंदीत त्याचा ‘कलेजा’ झाला आणि मटणाच्या दुकानात ‘कलेजी’. मराठीत ‘काळीज’ हळूहळू वर सरकले आणि हृदयाच्या जागी जाऊन बसले. कोकणीत तर काळीज म्हणजे सरळ हृदयच. काळीज पिळवटते, काळजाचा ठोका चुकतो. बिचारे यकृत कधी ठोके देत नाही, पण भाषेला त्याचे काय?

आणि तिसरा शब्द ‘जिगर’. हा फारसी. फारसीत जिगर म्हणजे यकृत, आणि हा शब्द ‘यकृत’चाच इराणी भाऊ आहे. जुन्या इराणी ‘य’चा फारसीत ‘ज’ झाला, एवढेच. एखादा क्रीडा-वार्ताहर ‘जिगरबाज खेळी’ असे लिहितो तेव्हा त्याने नकळत वैदिक काळातल्या शब्दाचा चुलता बोलावलेला असतो. इटालियनमध्ये ‘आवेरे फेगातो’, म्हणजे ‘यकृत असणे’, याचा अर्थ धाडस असणे. आपण जिगर म्हणतो, ते अंजीर म्हणतात. ‘यकृताला हेपॅटायटिस झाला आहे, पण माणूस जिगरबाज आहे’ या एका वाक्यात एकाच घराण्यातल्या तीन शाखा, संस्कृत, ग्रीक आणि फारसी, जेवायला एका पंक्तीत बसल्या आहेत. त्या पंक्तीत लॅटिन मात्र नाही.

यकृतापुरतेच हे आहे असे कोणी समजू नये. रोमन माणसाच्या शरीराची निम्मी नावे अशीच बदलली. पायाचे ‘क्रुस’ गेले आणि स्पेनमध्ये ‘पिएर्ना’ आले, पोर्तुगालमध्ये ‘पेर्ना’. ‘पेर्ना’ म्हणजे डुकराची खारवलेली मांडी. इटालियन ‘गाम्बा’ आणि फ्रेंच ‘जांब’ हे घोड्यांच्या वैद्यांकडून आलेले शब्द. मुळात घोड्याच्या पायाचा सांधा. पण मला सगळ्यांत आवडते ती डोक्याची गोष्ट.

लॅटिनमध्ये डोके म्हणजे ‘कापुत’. इटालियनांनी त्याच्या जागी ‘तेस्ता’ बसवले आणि फ्रेंचांनी ‘तेत’. ‘तेस्ता’ म्हणजे मातीचे भांडे किंवा त्याची खापरी. रोम शहरात ‘मोन्ते तेस्ताच्चो’ नावाची एक टेकडी आहे. सुमारे पस्तीस मीटर उंच, आणि सगळीच्या सगळी फुटक्या रांजणांची. साम्राज्याच्या काळात स्पेनहून आणि आफ्रिकेहून ऑलिव्हचे तेल या रांजणांतून येई. रिकामे रांजण शिस्तीत फोडून तिथे रचत गेले. त्यांवर शाईने माल पाठवणाऱ्याचे नाव, वजन, तपासनिसाची खूण असे सगळे लिहिलेले सापडते. आयुष्य खातेवह्यांत घालवलेल्या माझ्यासारख्याला ही टेकडी कोलोसियमपेक्षा जास्त पूज्य वाटते. तर ती ‘तेस्ता’. चौथ्या शतकातला बोर्दोचा कवी औसोनियुस चौरस्त्यावर पडलेल्या एका माणसाच्या गुळगुळीत कवटीला ‘तेस्ता’ म्हणतो. थट्टेतले ‘मडके’ आधी कवटी झाले, मग जिवंत माणसाचे डोके. (इंग्रजी ‘टेस्ट’ हाही त्याच खापराचा गोतावळा. सोन्या-चांदीचा कस पाहायची मूस ती ‘टेस्ट’. पाच दिवसांच्या क्रिकेट सामन्यापर्यंत तो शब्द तिथूनच पोचला.)

आता संस्कृत ‘कपाल’ घ्या. यज्ञात पुरोडाश भाजायला मातीची जी खापरे लागत, ती ‘कपाले’. आठ खापरांवर भाजलेला तो ‘अष्टाकपाल’. तेच कपाल पुढे कवटी झाले आणि मराठीत ‘कपाळ’ झाले, म्हणजे भुवयांच्या वरचा भाग. पोर्तुगीजमध्ये ‘तेस्ता’चा अर्थ काय? डोके नव्हे, कपाळच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता मडक्यापासून कवटीपर्यंत आणि कवटीपासून कपाळापर्यंत तीच वाट चालून काढली. जर्मन ‘कोप्फ’ही मूळचा पेला. आपली नारळाची करवंटी आणि माणसाची कवटी शेजारी ठेवून पाहिली, तरी लोकांना हे का सुचते ते कळते.

‘कापुत’ मात्र ‘येकुर’सारखे मेले नाही. ते मोठे साहेब झाले. इटालियन ‘कापो’ म्हणजे म्होरक्या, फ्रेंच ‘शेफ’ म्हणजे प्रमुख, आणि समुद्रात घुसलेले जमिनीचे डोके म्हणजे पोर्तुगीज ‘काबु’. गोव्यात दोना पावलाच्या टोकावर राज्यपालांचा जुना वाडा आहे, त्या जागेला ‘काबो’ म्हणतात ते यामुळेच. आणि ज्या शब्दाने मला महिन्याचा पगार दिला तो ‘कॅपिटल’ही त्याच डोक्यातून निघाला. आमचे ‘भांडवल’ कशातून निघाले? ‘भांड’ या शब्दातून. म्हणजे भांडे, आणि त्यावरून व्यापाऱ्याचा माल. रोमनांनी पैशाला डोके म्हटले, आम्ही भांडे म्हटले.

या सगळ्या काळात शुद्धतेचे रखवालदार झोपले नव्हते. ‘आपेंदिक्स प्रोबी’ नावाची एक यादी आहे. तिसऱ्या ते सातव्या शतकांदरम्यान केव्हातरी कुणा शिक्षकाने केलेली. ‘असे म्हणा, तसे म्हणू नका’ अशा २२७ दुरुस्त्या तीत आहेत. कानाला ‘आउरिस’ म्हणा, ‘ओरिक्ला’ म्हणू नका. डोळ्याला ‘ओकुलुस’ म्हणा, ‘ओक्लुस’ म्हणू नका. आज इटालियन कान ‘ओरेक्यो’ आहे, फ्रेंच ‘ओरेय’, स्पॅनिश ‘ओरेखा’. सगळे त्या निषिद्ध ‘ओरिक्ला’चे. इटालियन डोळा ‘ओक्यो’ हाही निषिद्ध ‘ओक्लुस’चाच. गुरुजींनी लाल शाईने जे खोडले त्यातूनच युरोप बोलायला शिकला. त्यांची हस्तलिखित यादी आज नेपल्सच्या ग्रंथालयात आहे आणि अभ्यासक ती उघडतात ती फक्त उजवीकडचा चुकीचा रकाना वाचायला.

पण त्याच काळात एक वेगळा माणूसही होता. संत ऑगस्टीन. हा मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक राहिलेला, लॅटिन कोळून प्यालेला. पुढे उत्तर आफ्रिकेत हिप्पोचा बिशप झाला. तिथे त्याच्यासमोर एक अडचण आली. लॅटिनमध्ये ‘ओस’ म्हणजे तोंड आणि ‘ओस’ म्हणजे हाडही. पहिल्याचा स्वर दीर्घ, दुसऱ्याचा ऱ्हस्व. आफ्रिकेतल्या श्रोत्यांच्या कानांना ऱ्हस्व-दीर्घ कळेनासे झाले होते. बायबलातल्या स्तोत्रात ‘माझे हाड तुझ्यापासून लपलेले नाही’ अशा अर्थाचे वाक्य वाचले की त्यांना तोंड की हाड, समजेना. ऑगस्टीनने सांगितले, की उपदेशकाने खुशाल ‘ओस्सुम’ हे अडाणी रूप वापरावे. व्याकरणकार नावे ठेवतील, पण लोकांना कळेल. त्याला त्यातले दुसरे जास्त मोलाचे वाटले. पुढे ८१३ साली तूर येथील धर्मपरिषदेने तर आज्ञाच काढली, की प्रवचने लोकांच्या गावंढळ बोलीत द्यावीत.

तोंडासाठी रोमन लोकांनी शेवटी ‘बुक्का’ घेतले. मूळ अर्थ फुगवलेला गाल. त्याचे इटालियन ‘बोक्का’, स्पॅनिश ‘बोका’, फ्रेंच ‘बुश’. आणि आम्ही? ‘ओस’ची संस्कृत बहीण ‘आस्य’ आम्ही टाकली आणि ‘तुंड’ उचलले. तुंड म्हणजे चोच, सोंड, जनावराचे नाकाड. वक्रतुंडातले तुंड. त्याचे ‘तोंड’ झाले. हाडाच्या ‘ओस’ची बहीण ‘अस्थि’. ती आम्ही सोडली नाही, पण तिला दोनच ठिकाणी ठेवले: स्मशानात आणि डॉक्टरच्या पाटीवर. जिवंत माणसाला हाडे असतात. अस्थी फक्त मेलेल्याच्या. तरी पाटीवर ‘अस्थिरोगतज्ज्ञ’ लिहिलेले असते, आणि पाटीखाली बसलेली म्हातारी सांगते, की ‘हाडाच्या डॉक्टरकडे आले हाये’.

हे सगळे आठवायचे कारण आपल्याकडचा जुना वाद. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. पण त्या निमित्ताने पुन्हा एकदा भारदस्त शब्दांची आवड उफाळून आली आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘काय फरक पडतो, लिव्हर म्हणा की’ असे खांदे उडवणारेही आहेत. दोघांशी माझे जमत नाही.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत तीसेक वर्षे काढली. त्यातली बरीच तालुक्याच्या गावी. आमच्याकडे डिमांड ड्राफ्टच्या अर्जावर मराठीत ‘धनाकर्ष’ असे छापून येई. एका कांदा व्यापाऱ्याने तो वाचून मला फार गंभीरपणे विचारले होते, की साहेब, हे धन आकर्षून घ्यायचे यंत्र आहे का, असेल तर दोन द्या. शेवटपर्यंत सगळे ‘डीडी’च म्हणत राहिले. त्याच काउंटरवर दुसरा एक शब्द होता, ‘नजरगहाण’. माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतो, पण त्यावर हक्क बँकेचा, असा तो व्यवहार. इंग्रजीत त्याला ‘हायपोथिकेशन’ म्हणतात आणि पदवीधर पोरांनाही त्याची व्याख्या पाठ करावी लागे. शेतकऱ्याला ‘नजरगहाण’ सांगितले की तो म्हणे, ‘म्हणजे माल माझ्या घरात, नजर तुमची.’ याहून नेमकी व्याख्या मी आमच्या प्रशिक्षण महाविद्यालयातही ऐकली नाही. ‘धनाकर्ष’ला व्याकरणाने नापास करता येणार नाही. ‘नजरगहाण’ निम्मा अरबी आहे. पण कामाला आला तो हा.

संस्कृत घडणीचे शब्द रुजत नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. सावरकरांनी दिलेले महापौर, हुतात्मा, दिनांक हे शब्द आज कुणाला परके वाटतात? १९६२ साली राज्य सरकारचा ‘पदनाम कोश’ निघाला तेव्हा ‘बदनाम कोश’ म्हणून त्याची खिल्ली उडवली गेली, तरी त्यातले कितीतरी शब्द आपण रोज वापरतो. बोलायला सोपा, गरजेच्या वेळी हाताशी आलेला शब्द कुठल्याही कुळातला असो, टिकतो. माझी तक्रार आहे ती एका सवयीबद्दल. नवा शब्द हवा असला की आपली समिती कोशाकडे जाते. बाजारात, भट्टीवर, गोठ्यात, बाळंतिणीच्या खोलीत जात नाही. ‘पर कॅपिटा’ला कुणीतरी ‘दरडोई’ म्हटले. फारसी ‘दर’ आणि घरातली ‘डोई’. लॅटिनमध्येही तिथे डोकेच आहे. अर्थसंकल्पाच्या भाषणात हा शब्द इतक्या ऐटीत बसतो, की तो पाटलाच्या ओसरीवरून उठून आला आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. समितीने त्याचे ‘प्रतिशीर्ष’ केले असते.

आणि ‘लिव्हर’? त्या शब्दाची मला भीती वाटत नाही. गावाकडे ‘त्याच्या लिव्हरला सूज आली’ म्हणतात. शब्दाला मराठी प्रत्यय लागला, मराठी लिंग मिळाले, तो आता पाहुणा राहिला नाही. रोमनांनीही ग्रीकांकडून घेतलेच होते. भीती दुसरी आहे. ‘फिकातुम’ जन्माला आले कारण रोममध्ये आचारी, खाटीक, वैद्य, सैनिक सगळे लॅटिनमध्येच कामाचे बोलत होते. आपला मुलगा शरीरशास्त्र इंग्रजीत शिकणार, डॉक्टर तपासण्यांचा अहवाल इंग्रजीत देणार, औषधाच्या चिठ्ठीवर मराठीचे एक अक्षर नसणार. मग रोग्याच्या पोटाविषयी मराठीत कामाचे बोलणार कोण? शब्द उसने घेऊन भाषा मरत नाही. तिच्यातून काम निघून गेले की तिला नवे शब्द सुचत नाहीत. ‘कटिंग’ टपरीवर सुचले, कारण टपरीवर अजून मराठी-हिंदीत चहा विकला जातो.

इटलीत याची तोड चांगली काढली आहे. यकृताच्या डॉक्टरला तिथेही ग्रीकवरून ‘एपातोलोगो’ म्हणतात, कावीळ करणाऱ्या आजाराला ‘एपातीते’. पण रोग्याशी बोलताना डॉक्टर ‘फेगातो’च म्हणतो, आणि कागदावरही ते छापतो. फ्लोरेन्समध्ये १५८३ साली भाषेच्या शुद्धीसाठी स्थापन झालेल्या अकादमीचे नाव ‘क्रुस्का’, म्हणजे कोंडा. भाषेचे पीठ चाळून कोंडा वेगळा करायचा ही त्यांची प्रतिज्ञा. १६१२ साली त्यांनी आपला कोश काढला. ‘फेगातो’ हा शब्द त्यांनी पिठातच ठेवला.

आपल्याकडे अडचण आहे, हे खरे. ‘काळीज’ म्हटले तर रोगी छातीवर हात ठेवतो, पोटावर नाही. म्हणून ‘यकृत’ लागतेच, आणि ते शिकवावे लागेल. पण २८ जुलैला जागतिक हेपॅटायटिस दिनाचे जे फलक सरकारी दवाखान्यांत लागतात, त्यांवर नुसते ‘यकृतदाह’ लिहून भागत नाही. फलक छापायला जाण्यापूर्वी तो एखाद्या आशाताईला मोठ्याने वाचायला द्यावा. ज्या शब्दावर ती अडखळेल त्याच्याशेजारी तिच्याच तोंडचे चार शब्द घालावेत: उजव्या बरगडीखालचे, रक्त गाळणारे, कावीळ झाली की सुजते ते. एखाद्या गावात तिला याहून चांगला शब्द ठाऊक असेल, मटणवाल्याकडचा असेल, सुईणीचा असेल. तो लिहून घ्यावा आणि मुंबईला कळवावा.